मोटार थांबते ती कशानें?

रस्त्यानें एखादी झोंकदार मोटारगाडी गेली कीं विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हिचा वेग ताशीं किती?" ती किती अंतरांत थांबते हें विचारणारा विद्यार्थी मला अद्याप भेटावयाचा आहे. विद्यार्थ्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांचे वडीलहि गाडी विकत घेतांना हा प्रश्न विचारीत नाहींत. प्रस्तुत लेखांत ह्या न विचारलेल्या प्रश्नाचाच थोडा विचार करण्याचें योजिलें असून त्यासाठीं माझ्या भाच्याच्या गाडीची हकीकत उदाहरणादाखल घेतली आहे.

माझा हा भाचा पुण्यास कोथरुडांत राहतो व नोकरीनिमित्त रोज पिंपरीस जातो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें जुन्या बाजारांतून एक गाडी घेतली. चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली, पोलो जी. टी. टी. एस. आय. ह्या नांवाची, २०१५ सालची. इंजिन अवघें १.२ लिटरचें, पण टर्बो जोडलेला असल्यामुळें त्याची शक्ति १०५ अश्वशक्ति इतकी. गाडीचें वजन सुमारें ११०० किलो. दिसावयास ती चारचौघांसारखी घरगुती गाडी, पण ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतांच पाठ आसनास चिकटते. पुढच्या चाकांना डिस्कचे ब्रेक, मागच्या चाकांना ड्रमचे. रोज कचेरीस नेणारी व सुटीच्या दिवशीं मालकाची हौस पुरविणारी अशी ही गाडी असल्यानें तिच्यावर त्याचा फार जीव.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आईवडिलांना घेऊन तो महाबळेश्वराहून आंबेनळी घाटानें पोलादपूरकडे उतरत होता. ह्या गाडीचे गिअर आपोआप बदलतात. ते तसेच ठेवून तो प्रत्येक वळणावर ब्रेक दाबीत होता. घाटाच्या खालच्या टप्प्यांत ब्रेकचें पेडल स्पंजासारखें मऊ लागूं लागलें आणि एका वळणावर तें जवळजवळ तळाला टेकलें. समोरून एस. टी. ची बस वर चढत होती. त्यानें गिअरची दांडी हातचालीवर घेऊन खालचा गिअर घातला, हातब्रेक हळूहळू ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराच्या कडेला घासून उभी राहिली. कोणास इजा झाली नाहीं. परंतु माझी बहीण त्या दिवसापासून त्या गाडींत बसून घाट उतरावयास तयार होईना.

ह्या प्रसंगानंतर भाचा माझ्याकडे आला तो पुरता बेत ठरवूनच आला. त्यानें साठ-सत्तर हजार रुपये बाजूस टाकले होते. त्यांतून सतरा इंची चाकें, रुंद टायर, आणि त्या चाकांच्या आऱ्यांतून चमकतील असे तांबड्या रंगाचे मोठे कॅलिपर व मोठ्या डिस्का घ्यावयाच्या होत्या. "मामा, लहान ब्रेकनें आम्हांला दगा दिला, आतां मोठे घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं," असें त्याचें म्हणणें. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों, मोटारीचा धंदा करीत नाहीं. परंतु प्रश्न पदार्थविज्ञानाचाच होता. मीं त्याला एवढेंच विचारलें, "गाडी अर्धा तास उभी राहिल्यावर पेडल कसें झालें?" तो म्हणाला, "पुन्हा पूर्वीसारखें कठीण." ह्या उत्तरांत सारा उलगडा होता. तो समजण्यास मात्र थोडें गणित केल्यावांचून चालणार नाहीं.

धांवत्या वस्तूच्या अंगीं जी ऊर्जा असते ती तिच्या वस्तुमानाच्या व वेगाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या निम्मी असते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. चालकासह ह्या गाडीचें वजन १२०० किलो धरलें, तर ताशीं ५० किलोमीटर वेगाला तिच्या अंगीं सुमारें ११६ किलोज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट केला कीं ही ऊर्जा चौपट होते. ताशीं १०० किलोमीटरला ती ४६३ किलोज्यूल भरते. ब्रेक दाबल्यावर ही ऊर्जा नाहींशी होत नाहीं, तिची उष्णता होते. ही उष्णता एका भांड्यांत धरतां आली असती तर तिनें नळाचें सुमारें दीड लिटर पाणी उकळीस आलें असतें, आणि तेंहि साडेतीन सेकंदांत. कारण कोरड्या रस्त्यावर चांगली गाडी तेवढ्या वेळांत ह्या वेगावरून उभी राहते. हिशेब केला तर त्या साडेतीन सेकंदांत ब्रेक सरासरीनें सुमारें १८० अश्वशक्तीनें काम करतात असें दिसतें. इंजिन १०५ अश्वशक्तीचें! गाडींतील सर्वांत बलवान यंत्र बॉनेटखालीं नसून चाकांच्या आंत असतें, ही गोष्ट ऐकून भाचा किंचित् विचारांत पडला.

आतां घाटाचें पाहूं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच. पोलादपूर त्याच्या सुमारें १३०० मीटर खालीं. एवढी उंची उतरतांना गाडीची जी ऊर्जा मोकळी होते ती ताशीं १०० किलोमीटर वेगावरून तिला ३३ वेळां उभी करण्याइतकी असते. गाडी लहान असो वा मोठी, हा आंकडा बदलत नाहीं, कारण वस्तुमान दोन्हीकडे सारखेंच येतें व हिशेबांतून निघून जातें. विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. ही सर्व ऊर्जा ब्रेकांनींच गिळली पाहिजे असें नाहीं. खालचा गिअर घातला कीं चाकांना इंजिन ओढून फिरवावें लागतें, आणि उतरणीची पुष्कळशी ऊर्जा त्यांत खर्ची पडते. जुने ट्रकवाले घाट ज्या गिअरनें चढावा त्याच गिअरनें उतरावा असें मानतात तें ह्यासाठींच. भाच्यानें गिअर आपोआप बदलूं दिल्यामुळें यंत्रानें आपल्या स्वभावाप्रमाणें वरचा गिअर धरला आणि सारा भार ब्रेकांवर पडला.

ब्रेक तापले, परंतु तेवढ्यानें पेडल मऊ कां व्हावें? ह्याचें कारण पेडल व चाक ह्यांच्या मध्यें काय आहे ह्यांत सांपडतें. बैलगाडी उतारावरून नेतांना चाकाला लांकडाचा ठोकळा दाबून धरीत. पहिल्या मोटारींतहि ताणलेल्या तारा व दांड्या ह्यांनींच ब्रेक ओढला जाई, व चारहि चाकांना सारखा ओढ देणें फार कठीण पडे. बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांनीं सारखा पसरतो, हा पास्कलचा सिद्धांत सतराव्या शतकांतला. त्याचा उपयोग करून १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारहि चाकांना द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक बसविण्यांत आले. आज प्रत्येक मोटारींत हीच योजना आहे. पायानें पेडल दाबलें कीं बारीक नळ्यांतील द्रव दाबला जातो, आणि तो चाकाजवळच्या दट्ट्याला पुढें ढकलतो. दट्ट्या पॅडला ढकलतो, पॅड डिस्कला चिमट्यासारखा आवळतो.

ही सारी करामत द्रव आकसत नाहीं ह्यावर अवलंबून आहे. औषधाच्या दुकानांतून सुई नसलेली एक पिचकारी आणावी, तींत पाणी भरून तोंड बोटानें घट्ट दाबावें व दट्ट्या ढकलून पाहावा; तो हलणार नाहीं. मग तींत थोडी हवा राहूं द्यावी; दट्ट्या लगेच आंत जातो. भाच्याच्या ब्रेकच्या नळींत नेमकें हेंच घडलें. ह्या द्रवाला आपण "ब्रेक ऑइल" म्हणतों, पण तें तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकोल जातीचा द्रव असतो, आणि हवेंतील बाष्प हळूहळू शोषून घेण्याची त्याला खोड आहे. "डॉट ४" ह्या प्रतीचा द्रव नवा असतांना निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळतां कामा नये असा दंडक आहे, त्यांत ३.७ टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटांत तापलेल्या डिस्केची आंच पॅडमधून दट्ट्याला, दट्ट्यांतून द्रवाला लागते. द्रव उकळला, त्यांत वाफेचे बुडबुडे झाले, आणि पायाचा जोर पॅडऐवजीं वाफ आवळण्यांत गेला. गाडी निवाली तसें वाफेचें पुन्हा पाणी झालें व पेडल कठीण झालें. हातब्रेक मात्र तारेनें ओढला जात असल्यामुळें त्याला ह्या वाफेची बाधा झाली नाहीं, आणि म्हणूनच ती वेळ निभावली.

गाडीचे कागद काढून पाहिले तेव्हां जुन्या मालकानें चार वर्षांत ब्रेक ऑइल बदलल्याची नोंदच नव्हती. टांकीचें झांकण उघडलें तर द्रवाचा रंग कोऱ्या चहासारखा. सामान्यतः दर दोन वर्षांनीं हा द्रव बदलावा असें कारखानदार सांगतात, आणि त्याला खर्च कांहीं शें रुपयांचा. तीन माणसांचा जीव एवढ्याशा रकमेला टांगला होता हें पाहून भाच्याचे वडील, जे स्वभावानें काटकसरी आहेत, तेहि चकित झाले.

मेकॅनिकनें पुढचे पॅड काढून दाखविले तेहि बोलके होते. कोणा तरी स्वस्ताच्या बनावटीचे, आणि तापून तापून कांचेसारखे गुळगुळीत झालेले. पॅडचें रसायन हें एक स्वतंत्र शास्त्रच आहे. मऊ जातीचे पॅड आवाज करीत नाहींत व डिस्क कमी झिजवितात, पण फार तापले कीं त्यांची पकड सुटते. धातूचा चुरा अधिक घातलेले पॅड उष्णता सोसतात, पण काळी धूळ फार उडवितात व सकाळीं किंचित् किंचाळतात. भाच्याला शर्यतीच्या गाड्यांचे पॅड घ्यावयाची फार इच्छा होती. मीं त्याला तसें करूं दिलें नाहीं. शर्यतीचे पॅड चांगले तापल्यावर आपलें काम करतात. थंड असतांना ते धड धरीत नाहींत. सकाळीं सोसायटीच्या फाटकांतून बाहेर पडतांना एखादें मूल चेंडूमागें धांवत आलें तर पॅड तापण्याची वाट पाहत बसतां येत नाहीं. रोजच्या गाडीला रोजचेच पॅड पाहिजेत, फक्त ते चांगल्या प्रतीचे व थोडी अधिक उष्णता सोसणारे असावेत.

ह्यानंतर मोठ्या डिस्केचा प्रश्न राहिला. मोठ्या डिस्केचे दोन गुण आहेत. लोखंड अधिक असल्यामुळें ती अधिक उष्णता पोटांत घेते, आणि पॅड आंसापासून दूर असल्यामुळें तेवढ्याच जोरानें चाकाला अधिक अडवितां येतें. शर्यतींत, जेथें दर मिनिटाला पूर्ण वेगावरून गाडी आवरावी लागते, तेथें हे गुण सोन्यासारखे आहेत. पण ह्या गाडीचे मूळचे ब्रेक चांगल्या स्थितींत असतांना चाक पुरतें अडविण्याइतके समर्थ आहेतच. जोरानें पेडल दाबलें कीं पायाखालीं जी थरथर जाणवते ती ए. बी. एस. ची. चाक आतां फिरण्याचें थांबून घसरणार असें पाहून ती यंत्रणा ब्रेक क्षणभर सैल करते व पुन्हा आवळते. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. ह्या गाडीला ती आरंभापासून होती. ज्या ब्रेकला सैल करावें लागतें त्याला आणखी बळ देऊन काय साधणार? शिवाय पुढचे ब्रेक एकदम मोठे केले कीं पुढच्या व मागच्या चाकांत कारखान्यांतील इंजिनिअरांनीं ठरविलेला वांटा बिघडतो, तो निराळाच.

येथें आम्ही मूळ प्रश्नाशीं येऊन पोहोंचलों. ब्रेक हा चाक थांबवितो. गाडी थांबते ती टायरानें. चाक अडवलें तरी टायरानें रस्ता धरला नाहीं तर गाडी घसरत पुढें जाणारच. शेवाळलेल्या फरशीवर पाय घट्ट रोवून उभा राहिलेला मनुष्यहि घसरतोच कीं.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धांव चढविलेली सर्वांनीं पाहिली असेल. ती झिजूं नये म्हणून असते. रस्ता पकडण्याची तिला फिकीर नसते, कारण बैलांच्या चालीला तेवढी गरजच नाहीं. बेलफास्ट येथें गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप ह्यानें १८८८ सालीं हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार हादरे, म्हणून त्यानें हा खटाटोप केला. (तत्पूर्वीं चाळीसएक वर्षें रॉबर्ट टॉमसन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें हीच कल्पना काढली होती, पण तेव्हां ती कोणास नको होती.) हादरे कमी करण्यासाठीं निघालेल्या ह्या वस्तूचा मोठा गुण पुढें ध्यानांत आला. मऊ रबर रस्त्याच्या बारीकसारीक खाचखळग्यांत दबून बसतें व त्यांना धरून ठेवतें, जें लोखंडाला कधींच जमलें नसतें.

अशा रबराचा किती भाग रस्त्याला टेकतो असें वाटतें? हाहि हिशेब सोपा आहे. १२०० किलोची गाडी म्हणजे सुमारें ११,७६० न्यूटन भार. टायरांतील हवेचा दाब ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २२ न्यूटन. भार भागिलें दाब केलें तर चारहि टायरांचें मिळून सुमारें ५३५ चौरस सेंटिमीटर क्षेत्र येतें. म्हणजे एका टायराच्या वांट्याला सुमारें १३४. आपलें पोस्टकार्ड साधारण एवढेंच असतें. चार पोस्टकार्डें! ब्रेक, ए. बी. एस., तांबडे कॅलिपर व चालकाची हुशारी ह्या सर्वांना जें कांहीं करावयाचें तें ह्या चार पोस्टकार्डांच्या द्वारेंच. आणि ह्याच हिशेबावरून आणखी एक गोष्ट निघते. हवेचा दाब तोच ठेवला तर रुंद टायर घेतल्यानें टेकणारें क्षेत्र फारसें वाढत नाहीं. त्याचा आकार बदलतो, तें आडवें रुंद व उभें आंखूड होतें. रुंद टायराला वळणांत त्याचा फायदा आहे, परंतु साचलेल्या पाण्यांत तो अरुंद टायरापेक्षां लवकर तरंगूं लागतो. पुण्याच्या जुलै महिन्यांत हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

भाच्याच्या टायरांची नक्षी चांगली चार मिलिमीटर शिल्लक होती. नवा टायर साधारण आठ मिलिमीटर खोल असतो, आणि खांचांच्या तळाशीं १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें कीं टायर संपला असें समजावें. त्याहि पुढें चालवून टायराचा अगदीं गोटा करणारे महाभाग रस्त्यांत रोज दिसतात. "टायर निम्मे शिल्लक आहेत, मामा, ते बदलणें म्हणजे पैसे फेंकणें," असें भाचा म्हणाला. मीं त्याला टायराच्या बाजूस वांकून पाहावयास सांगितलें. तेथें लंबवर्तुळांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्याच्या टायरांवर २३१५ असें होतें, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले तेच टायर! रबर उन्हानें व हवेनें कालांतरानें कडक होतें. नख रुतवून पाहिलें तर रुतेना. असें रबर रस्त्याच्या खाचखळग्यांत दबत नाहीं, वरून सरकतें. नक्षी शाबूत आणि पकड गेलेली, अशी ही फसवी स्थिति असते, आणि जी गाडी कमी चालते तिच्यांत ती हटकून आढळते. ज्या पालकांच्या घरीं क्वचित् निघणारी गाडी आहे त्यांनीं हे चार आंकडे आजच पाहावेत.

पकड थोडी कमी झाली तर असें काय बिघडतें? ताशीं १०० किलोमीटर वेगावरून चांगल्या टायरांची गाडी ४१ मीटरांत थांबते असें धरा, व कमी पकडीची ४८ मीटरांत. सात मीटरांचा, दीड गाडीच्या लांबीचा फरक, ऐकावयास क्षुल्लक. परंतु दोन्ही गाड्यांनीं एकाच रेषेवर ब्रेक दाबला तर जेथें पहिली गाडी उभी राहते तेथून दुसरी किती वेगानें जात असते? गणित केलें तर उत्तर येतें, ताशीं सुमारें ४० किलोमीटर. वेगाचा वर्ग येथेंहि आपला हिशेब चुकता करून घेतो. गाडीचा बहुतेक वेग अखेरच्या थोड्या मीटरांतच उतरतो. त्या ठिकाणीं रस्ता ओलांडणारें मूल असेल तर सात मीटर म्हणजे काय, हें सांगावयास नको.

तेव्हां पैसे प्रथम टायरांवर खर्च करावयाचे ठरलें. सतरा इंची चाकांचा बेत सोडावा लागला. मूळचा टायर १८५/६० आर १५ असा. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, बनावट रेडियल, व आंतील चाक १५ इंचांचें. भिंत १११ मिलिमीटर उंच. सतरा इंची चाकावर गाडीच्या एकंदर मापाला जुळणारा २०५/४० टायर घेतला तर भिंत ८२ मिलिमीटरच उरते. ती वळणांत कमी लवते हें खरें, पण आपल्या रस्त्यांवरील एका खड्ड्यांत टायर फुटून चाक वांकण्यास तेवढें पुरे. कायद्याचीहि बाब आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ नोंदींशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई करतें, आणि अपघातानंतर विमा कंपनी काय काय विचारील हें मागाहून समजून उपयोग नसतो. मग त्याच मापाचे, त्याच भाराचे व त्याच वेगमर्यादेचे, परंतु अधिक मऊ व ओल्या रस्त्यावर पकड ठेवणाऱ्या रबराचे चार टायर घेतले. अशा रबरांत हल्लीं सिलिका मिसळतात, त्यानें ओल्या रस्त्यावरची पकड वाढते. ते आधींच्या टायरांपेक्षां लवकर झिजतील, ही किंमत मोजावी लागते. पन्नास हजार किलोमीटर टिकणारा व उत्तम पकडणारा टायर एकाच पैशांत मिळत नाहीं. चारांना मिळून अठ्ठावीस हजार रुपये पडले. दोनच घेण्याची ऐपत असती तर ते मागच्या चाकांना घालावयाचे, कारण ओल्या वळणांत मागची चाकें सुटली कीं गाडी गरकन् फिरते आणि ती सांवरणें सामान्य चालकाच्या हातचें नसतें. दुकानदार पुष्कळदां उलट सल्ला देतात.

भाचा इंजिनिअर असल्यामुळें त्याला माझ्या शब्दावर विसंबणें पसंत नव्हतें. तें मला आवडलें. त्याच्या कारखान्याच्या बंद आवारांत, सुटीच्या दिवशीं, रीतसर परवानगी काढून आम्ही प्रयोग केला. जुन्या टायरांनीं ताशीं ५० किलोमीटर वेगावरून, पायाखालीं थरथर जाणवेपर्यंत पेडल दाबून, गाडी थांबविली व अंतर पावलांनीं मोजलें. तीनदां केलें, तिन्ही वेळां अठरा पावलांच्या आसपास भरलें. मग केवळ टायर बदलले, ब्रेकला हात लावला नाहीं. चौदा पावलें. पुढच्या रविवारीं पॅड, डिस्का व ब्रेक ऑइल नवें घातलें आणि पुन्हा मोजलें. पुन्हा चौदाच! भाचा हिरमुसला झाला. पण नव्या पॅडांचें व नव्या द्रवाचें काम निराळें होतें. तें एका थांबण्यांत दिसावयाचें नव्हतें, तिसाव्या थांबण्यांत दिसावयाचें होतें.

नवे पॅड बसविल्यावर ते लगेच घाटांत नेऊं नयेत. मोकळ्या रस्त्यावर ताशीं साठांवरून पंधरा-वीसपर्यंत वेग मध्यम जोरानें उतरवावा, गाडी पुरती उभी न करतां; असें आठदहा वेळां करावें व मग ब्रेक न दाबतां थोडा वेळ गाडी चालवून सर्व निवूं द्यावें. पॅडच्या द्रव्याचा एक पातळ थर डिस्केवर एकसारखा चढतो, आणि पुढची पकड त्या थरावरच अवलंबून असते. पुष्कळ मेकॅनिक हें सांगत नाहींत, आणि मग दोन महिन्यांनीं "स्टिअरिंग थरथरतें" म्हणून गिऱ्हाईक परत येतें.

एकूण खर्च चाळीस हजारांच्या आंत आटोपला. बाहेरून पाहणाऱ्यास गाडींत कांहीं बदललें असें दिसत नाहीं, आणि ह्याचें भाच्याला वाईट वाटलें हें लपविण्यांत हांशील नाहीं. त्यानें अखेर उष्णता सोसणाऱ्या तांबड्या रंगाची एक डबी आणून जुन्याच कॅलिपरांना रंग दिला. दर पंधरवड्यास सकाळीं गाडी थंड असतांना तो टायरांतील हवा मोजतो. एवढी एक संवय त्याला ह्या प्रकरणांतून लागली.

ह्या वर्षीं मे महिन्यांत ते सर्वजण पुन्हा त्याच घाटानें गेले. बहिणीस तयार करण्यास मला दोन वेळां पुण्यास जावें लागलें, आणि तिनें अट घातली कीं गिअर खालचाच राहील व ती मागच्या आसनावरून त्यावर लक्ष ठेवील. दुपारीं पोलादपुराहून भाच्याचा फोन आला. पेडल शेवटपर्यंत कठीण होतें, असें त्यानें सांगितलें. आई काय म्हणते असें मीं विचारलें तेव्हां तो हळू आवाजांत म्हणाला कीं ती कुंभरोशीच्या अलीकडेच झोंपली आहे, अजून उठली नाहीं.